रस्ते बांधायला पैसे आहेत, राखायला नाहीत

पावसाचा पहिला जोर ओसरतो, रस्त्यांची चाळण होते आणि आपल्याकडे एक जुना वाद नव्याने सुरू होतो. नव्याने म्हणायचे एवढेच, वाक्ये गेल्या वर्षीचीच असतात. एक बाजू म्हणते, डांबर बंद करा, सगळे रस्ते काँक्रीटचे करा, कटकट मिटेल. दुसरी बाजू म्हणते, कंत्राटदार आणि नगरसेवक मिळून खातात, दोन-चार जणांना आत टाका, रस्ते आपोआप गुळगुळीत होतील. प्रशासन खुलासा करते की यंदा पाऊस कमी वेळात जास्त पडला. मग गणपतीपूर्वी खड्डे बुजवण्याची घोषणा होते, खडीचे ढीग पडतात, विसर्जन होते, ऑक्टोबरचे ऊन पडते आणि विषय पुढच्या जूनपर्यंत बासनात जातो.

या वादातल्या दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. आपल्या महापालिका आणि नगरपालिकांच्या कारभारात रस्ता बांधण्याला अंदाजपत्रकात जागा आहे, मान्यतेची साखळी आहे, निविदा आहे, भूमिपूजनाचा नारळ आहे. बांधलेला रस्ता राखण्याला यातले काहीही धड नाही. त्यासाठी ठरलेला पैसा नाही, ठरलेले वेळापत्रक नाही आणि त्या रस्त्याचा जबाबदार धनी कोण, हेही एका जागी लिहिलेले नाही. म्हणून माझी मागणी साधी आणि कंटाळवाणी आहे. प्रत्येक रस्त्याची जाहीर नोंद ठेवा आणि देखभालीचा पैसा असा बाजूला काढा की तो वर्षाच्या मधोमध दुसऱ्या कामाकडे वळवता येणार नाही. या दोन गोष्टी नसतील तर रस्त्यावर डांबर ओता, काँक्रीट ओता की सोने ओता, आपण पाच-सात वर्षांनी पुन्हा इथेच उभे असू.

आधी काँक्रीटवाल्यांचे म्हणणे नीट ऐकू. ते अजिबात बाष्कळ नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर सुमारे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डांबराला पाणी चालत नाही. ते भेगेतून आत शिरले की खालचा थर सैल होतो आणि वरून बसची चाके गेली की पापुद्रा सुटतो. काँक्रीटला हा त्रास कमी. मरीन ड्राइव्हचा स्वातंत्र्यापूर्वीचा काँक्रीटचा रस्ता समुद्राच्या तोंडावर कित्येक दशके टिकला, हे मुंबईकरांना कोणी सांगायला नको. जानेवारी 2023 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईतल्या सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचे भूमिपूजन झाले, खर्च सुमारे 6,100 कोटी. तेव्हा सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार शहरातल्या सुमारे 2,050 किलोमीटर रस्त्यांपैकी 1,200 किलोमीटरहून अधिक रस्ते काँक्रीटचे झाले होते किंवा होत होते आणि खड्ड्यांचा प्रश्न उरलेल्या 850 किलोमीटरचा होता. म्हणजे उरलेला भाग पुरा केला की संपले, असा तो युक्तिवाद आहे. एका वेळचा मोठा खर्च करा आणि वीस-पंचवीस वर्षे निवांत राहा.

ही निवांतपणाची कल्पनाच घातक आहे. रस्ता म्हणजे फक्त वर दिसणारा पृष्ठभाग नव्हे. त्याच्या पोटात जलवाहिनी आहे, मलवाहिनी आहे, पावसाळी गटार आहे, गॅसची नळी आहे, विजेच्या आणि इंटरनेटच्या केबली आहेत. यातली एकही गोष्ट वीस वर्षे न बिघडता राहत नाही. शिवाय घरे वाढतात, नवे टॉवर येतात, नवी जोडणी लागते. डांबराचा रस्ता खोदून पुन्हा जोडणे तुलनेने सोपे असते. काँक्रीटची लादी कापली की ती तोडलेली जागा पुन्हा एकजीव करणे जिकिरीचे असते, म्हणून बऱ्याच ठिकाणी तिथे पेव्हर ब्लॉक बसवून वेळ मारून नेली जाते. काही महिन्यांत ते ब्लॉक डगमगू लागतात. डांबर आणि काँक्रीट जिथे एकमेकांना भिडतात तो सांधा तर दुचाकीस्वाराच्या कंबरेला पाठ झालेला असतो. काँक्रीटला देखभाल कमी लागते हे खरे. पण देखभाल लागतच नाही असे समजून आपण तिची तरतूदच करत नाही.

चर कसा बुजवला जातो, हे कधी उभे राहून पाहिले आहे का? एप्रिल अखेरीस केबलवाल्यांची घाई सुरू होते, कारण पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई बंद होते. रात्री ब्रेकर लावून हात-दीड हात रुंदीचा चर मारतात. केबल टाकून झाली की निघालेलीच माती, त्यात डांबराचे तुकडे, कधी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यासुद्धा, परत आत ढकलतात. नियमाने ती थराथराने भरून, पाणी मारून, प्रत्येक थर दाबायचा असतो. रस्त्यावरचा रोलर या चरात उतरूच शकत नाही, एवढा तो अरुंद असतो. तिथे लहान यंत्र किंवा निदान हातातली धुमस लागते. ती आणलेलीच नसते. वरून खडी, खडीवर डांबराचा पातळ लेप, आणि त्यावरून एकदा डंपरचे चाक फिरवले की काम झाले. वर पाहिले तर रस्ता सपाट. जूनमध्ये पाणी मुरते, आतली माती बसते आणि चराच्या सरळ रेषेत रस्ता खचतो. त्या रस्त्याचा मूळ कंत्राटदार सांगतो, माझे काम चोख होते, तुमच्याच परवानगीने तो खोदला गेला. केबल कंपनी सांगते, आम्ही खोदाईचे शुल्क पालिकेत भरले आहे, बुजवण्याचे काम तुमचे. पालिकेचा रस्ते विभाग सांगतो, परवानगी वॉर्ड ऑफिसने दिली. तिघेही कागदावर खरे बोलत असतात!

स्कॉटलंडचा जॉन मॅकॲडम 1816 मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभारी झाला. खडीच्या रस्त्याला त्याचे नाव चिकटले, पण त्याचा मुख्य आग्रह खडीपेक्षा वेगळा होता. खालची जमीन कोरडी ठेवा, भार तीच पेलते, असे तो सांगत राहिला. आणि रस्त्यांना पगारी, जाणकार, उत्तरदायी माणूस हवा, हिशेब चोख हवेत, हेही त्याने तितक्याच जोराने मांडले. खडी आपण घेतली. बाकीचे दोन मुद्दे दोनशे वर्षांनी आपल्याकडे अजून प्रस्तावाच्या पातळीवर आहेत.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात दोन कप्पे असतात, महसुली आणि भांडवली. नवा रस्ता, पूल, रस्त्याचे काँक्रीटीकरण हे भांडवली. खड्डे बुजवणे, भेगा भरणे, गटारांची तोंडे मोकळी ठेवणे हे बहुतांशी महसुली, म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल यांच्याच रांगेत. भांडवली खर्चाचा आकडा मोठा असला की आयुक्त तो अभिमानाने वाचून दाखवतात. मुंबई महापालिकेच्या 2025-26 च्या 74,427 कोटींच्या अंदाजपत्रकात भांडवली खर्चासाठी 43,162 कोटी होते आणि निम्म्याहून अधिक पैसा विकासकामांना, हाच त्याचा गौरव होता. महसुली खर्चाचा आकडा वाढला तर त्याला उधळपट्टी म्हणतात. अशा हिशेबात शहाणा अधिकारी काय करेल? किरकोळ दुरुस्तीला पैसे मागून लेखा विभागाची बोलणी खाण्यापेक्षा रस्ता पुरता खराब होऊ देईल आणि मग त्याच्या संपूर्ण पुनर्बांधणीचा प्रस्ताव भांडवली कप्प्यातून मांडेल. यात कुणी भ्रष्ट असण्याची गरजही नाही. आपली हिशेबाची पद्धतच त्याला तसे वागायला सांगते.

आणि हे वागणे किती महाग पडते? दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते संस्थेचा एक हिशेब जगभर सांगितला जातो. वेळेवर देखभाल न करता तीन वर्षे रस्ता तसाच सोडला तर दुरुस्तीचा खर्च सहापट होतो आणि पाच वर्षे सोडला तर अठरापट. तो हिशेब महामार्गांचा आहे, आपल्या गल्लीबोळांना तो जसाच्या तसा लागू होणार नाही, हे मान्य. पण अठराच्या जागी आठ धरा, नाहीतर चार धरा. तरी आपण दर वर्षी वाचवलेल्या एका रुपयासाठी पुढे चार रुपये मोजतो आहोत.

त्यात वेळापत्रकाची भर. फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडले जाते, मार्चअखेर मंजूर होते. मग पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, प्रतिसाद कमी आला तर फेरनिविदा, स्थायी समिती आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा हुकूम. कार्यादेश हातात पडेपर्यंत पावसाळा येऊन गेलेला असतो आणि दिवाळीही. काम जानेवारीत सुरू होते आणि मार्चमध्ये बिले काढायची असतात, नाहीतर निधी परत जातो. म्हणजे कामाला उत्तम असलेले ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने फायलींच्या प्रवासात जातात आणि जे काम सावकाश, थर वाळू देत करायचे ते मार्चअखेरीच्या धांदलीत उरकले जाते. पुण्यात तर यावर कडी म्हणजे 'वर्गीकरण'. एका कामासाठी मंजूर झालेला पैसा वर्ष संपता संपता दुसऱ्या कामाकडे वळवायचा. त्यात आधी कशाचा बळी जातो? ज्या कामाचा फलक लावता येत नाही त्याचा. भेगा भरल्याचा फलक मी तरी आजवर कुठल्या चौकात पाहिलेला नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे, भ्रष्टाचाराकडे. तो नाही असे म्हणणारा एकतर भाबडा असेल किंवा लाभार्थी. मुंबईत 2015 मध्ये खुद्द महापौरांनी पत्र दिले, आयुक्तांनी चौकशी लावली आणि 2016 मध्ये 34 रस्त्यांच्या कामांत कागदावरचे आणि जमिनीवरचे काम यांत तफावत निघाली. कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले, अभियंत्यांना अटक झाली, आणि ज्यांना कामाच्या दर्जावर लक्ष ठेवण्यासाठी पैसे दिले होते त्या तपासणी संस्थांची माणसेही गजाआड गेली. कुंपणच शेत खाते म्हणतात ते हेच. अलीकडच्या काँक्रीटीकरणातही दक्षिण मुंबईचे कंत्राट 2023 मध्ये काम पुढे सरकत नाही म्हणून पालिकेला रद्द करावे लागले. पुढच्या कामांवर देखरेखीसाठी आयआयटी मुंबईला बोलवावे लागले. हे सगळे खरे.

पण मग एका प्रश्नाचे उत्तर द्या. मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे तिथे एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकाचा कारभार होता. टक्केवारीची जी साखळी आपण नगरसेवकाच्या नावाने सांगतो, तिची निदान एक कडी तर गळाली होती. रस्ते सुधारले का? त्याच चार पावसाळ्यांत खड्ड्यांवरून उच्च न्यायालयाला पालिकांना पुन्हा पुन्हा झापावे लागले. आणि 2016 मध्ये अटका झाल्या तेव्हा तरी 2017 चा पावसाळा बिनखड्ड्यांचा गेला का? चोर पकडलाच पाहिजे. पण चोर पकडल्यावर भेग कोण भरणार, कधी भरणार आणि कुठल्या पैशातून, याचे उत्तर पोलीस ठाण्यात मिळत नाही. शिवाय चोरी पकडायला नोंद लागते. कुठल्या थराची जाडी किती असायला हवी होती, काम कधी झाले, हमी कधी संपली, मधे कोणी खोदले हे एका जागी नसेल, तर संशय सगळ्यांवर राहतो आणि दोष कुणावरही सिद्ध होत नाही. चोराला याहून सोयीचे काय असेल?

इथे पुणेकर जंगली महाराज रस्त्याची गोष्ट काढणार, हे ठरलेलेच. ती काढलीच पाहिजे, गोष्ट चांगली आहे. सत्तरच्या दशकात स्थायी समितीचे अध्यक्ष असलेल्या श्रीकांत शिरोळे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या रेकॉन्डो या पारशी बंधूंच्या कंपनीला काम दिले गेले, 1976 मध्ये रस्ता झाला, कंपनीने दहा वर्षांची हमी दिली आणि रस्ता हमी संपल्यानंतरही दशकानुदशके खड्ड्यावाचून राहिला. दर पावसाळ्यात ही गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते आणि तिचे तात्पर्य असे काढले जाते की प्रामाणिक कंत्राटदार मिळाला की झाले. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे लेखी हमी होती आणि ती मागणारा माणूस सभागृहात बसलेला होता. पण ती व्यक्तींची हुशारी होती, पालिकेची पद्धत झाली नाही. सुमारे 1,400 किलोमीटर रस्ते असलेले शहर पन्नास वर्षे एकाच रस्त्याचे गोडवे गाते, याचा अर्थ काय होतो?

आता हमी सगळीकडे आली आहे. तिला 'दोषदायित्व कालावधी' असे भारदस्त नाव आहे. मुंबईच्या काँक्रीट रस्त्यांसाठी तो दहा वर्षांचा आहे आणि बिलातला काही हिस्सा त्या काळापुरता रोखून ठेवण्याची अटही आहे. ही प्रगती आहे, नाकारू नये. पण हमीच्या मुदतीतला रस्ता आणि मुदतीबाहेरचा रस्ता यांच्यात अंतर केवढे पडले आहे ते पाहा. पहिल्याला निदान कागदावर मायबाप आहे. दुसरा पोरका. शहरातले बहुतेक जुने, अरुंद, वस्तीतले रस्ते या दुसऱ्या वर्गात मोडतात, आणि निविदा पंचवीस-तीस टक्के कमी दराने भरणारा कंत्राटदार हमीच्या वर्षांत दुरुस्तीला पैसा कुठून आणणार, हे त्याला काम देतानाच विचारायला हवे होते.

रस्त्यासाठी राखीव पैसा ही कल्पना काही विलायतेहून आणायला नको. ती आपल्याच माणसाने मांडली होती. मोटारी वाढल्या आणि रस्ते त्यांना पुरेनात, तेव्हा 1927 मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने सांगितले की रस्ते प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर चालले आहेत, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा फक्त रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. 1929 मध्ये गॅलनमागे दोन आणे या हिशेबाने केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. पुढे 1943 मध्ये नागपूरला देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि रस्त्यांची प्रतवारी ठरली: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. शहरातली गल्ली या उतरंडीत कुठेच नव्हती. ती नगरपालिका पाहील, असे गृहीत धरले गेले आणि ते गृहीतक आजतागायत चालू आहे. आज मुंबईतला दुचाकीस्वार पेट्रोलवर उपकर भरतो, वाहन घेताना राज्याला कर भरतो आणि ज्या रस्त्यावर दिवसभर गाडी चालवतो त्या रस्त्याच्या धन्याला, म्हणजे महापालिकेला, त्यातले थेट काहीही मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल, राखीव निधीचे पुढे काय झाले ते तरी सांगा. रास्त प्रश्न आहे. जयकरांच्या निधीला अनेक वर्षे मरगळ आली, 2000 साली त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार द्यावा लागला आणि 2018 मध्ये नावातच 'पायाभूत सुविधा' जोडून त्याची दारे रस्त्यांपलीकडच्या कामांना उघडली. राखीव पैशाला गळती लागतेच. निधी म्हणजे नवे कुरण, अशी भीती घालणारे म्हणूनच अगदी चुकीचे नाहीत. पण गळती लागते म्हणून टाकीच बांधायची नाही का? तो पैसा कशावर खर्च करता येईल याची यादी आधीच ठरवा, ती बदलायला सर्वसाधारण सभेचा जाहीर ठराव लागू द्या आणि खर्च रस्त्याच्या नावाने दाखवा. मग वळवणाऱ्याला निदान सर्वांदेखत वळवावा लागेल.

असे आपल्याकडे झालेलेच नाही, असेही नाही. डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता जिथे सुरू होतो तिथला फलक एकदा थांबून वाचा. रस्त्याची लांबी, खर्च, कंत्राटदाराचे नाव, काम पुरे झाल्याची तारीख आणि खाली पाच ओळी: पहिल्या वर्षाची देखभाल इतके, दुसऱ्या वर्षाची इतके, अशी पाचही वर्षांची रक्कम. बांधणाऱ्यानेच पाच वर्षे राखायचे आणि त्याचे पैसे वेगळे, आधी ठरलेले. राज्यांनी हे देखभालीचे पैसे वेळेवर दिले नाहीत, रस्ते तिथेही उखडले, हे माहीत आहे. तरीही आडगावच्या माणसाला आपल्या रस्त्याबद्दल जे फलकावर वाचता येते ते दादरच्या किंवा कोथरूडच्या माणसाला वाचता येत नाही, ही गंमत नव्हे. आपल्या शहरी चौकातल्या फलकावर काय असते? कोणाच्या प्रयत्नातून, कोणाच्या निधीतून आणि कोणाचा हसरा चेहरा.

शेतकऱ्याच्या दोन गुंठ्यांचासुद्धा सातबारा असतो. मालक कोण, बोजा कोणाचा, पीक काय, सगळे एका उताऱ्यावर. कोट्यवधी रुपये पोटात घेतलेल्या रस्त्याला तसा उतारा का नसावा? शेवटचा थर कधी टाकला, कोणी टाकला, हमी कधी संपते, खाली कोणत्या वाहिन्या कुठल्या खोलीवर आहेत, शेवटचा चर कोणी मारला, बुजवल्यावर तपासला कोणी. ही माहिती पालिकेत नसते असे नाही. ती मोजमाप पुस्तिकेत असते, वॉर्ड ऑफिसच्या परवानगी रजिस्टरात असते, जल खात्याच्या जुन्या नकाशात असते आणि बरीचशी निवृत्तीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्याच्या डोक्यात असते. मुंबईत काँक्रीटीकरणाच्या कामांची माहिती संकेतस्थळावर मिळू लागली, हे चांगलेच झाले. पण ती चालू कामांची माहिती आहे. काम संपले की रस्ता त्या पडद्यावरून उतरतो, आणि खरी गरज तिथून पुढे सुरू होते.

मोठ्या शहरांचे ठीक आहे, त्यांच्याकडे पैसा आहे, लहान नगरपालिकांनी काय करायचे, असा सर्वांत अवघड आक्षेप आहे, आणि त्याला माझ्याकडे चटकदार उत्तर नाही. पंचवीस-तीस हजार वस्तीच्या 'क' वर्ग नगरपरिषदेची घरपट्टी-पाणीपट्टी पगारालाही पुरत नाही. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला आणि गेला. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईसारख्या महापालिकेला नुकसानभरपाई म्हणून दरमहा 647 कोटी सुरू झाले, दर वर्षी आठ टक्के वाढीसह. लहान गावांना राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागते. आणि ते अनुदान येते कशासाठी? नव्या कामासाठी. नगरोत्थान असो, वैशिष्ट्यपूर्ण कामांची योजना असो की आमदार निधी, ओघ नवीन रस्त्याकडेच. खासदार निधीच्या नियमांत तर देखभालीची कामे कित्येक वर्षे चक्क वर्ज्य यादीत होती. मग गरीब नगरपरिषद काय करते? जुना रस्ता राखायला पैसे नाहीत, नवा करायला आहेत, म्हणून जुन्यावरच नवा थर चढवते. तोही जुना थर न खरवडता. असे तीन-चार थर झाले की रस्ता घरांच्या जोत्यावर येतो. जिथे पायरी चढून घरात जायचे तिथे पायरी उतरून जावे लागते आणि पावसाचे पाणी रस्त्यावरून गटारात जाण्याऐवजी ओटीवर येते. मॅनहोलची झाकणे वर न उचलल्यामुळे तीच खड्डे होतात. म्हणून म्हणतो, पैसा नसलेल्या गावालाच हिशेबाच्या या पद्धतीची झळ जास्त. राज्य सरकारने एवढेच करावे: रस्त्याच्या प्रत्येक अनुदानात ठरावीक हिस्सा पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा असावा, तो वेगळ्या खात्यात राहावा आणि जुना रस्ता न खरवडता नवा थर टाकणाऱ्याचे बिल थांबावे. यासाठी नव्या कराची गरज नाही.

यात आपणही अगदी निर्दोष नाही. प्रभागात उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला आपण विचारतो, काय नवीन केले? पाच वर्षांत एकही भेग राहू दिली नाही, असे सांगणाऱ्याला आपण मत देऊ का? जानेवारी 2023 मध्ये जी-20 च्या बैठकीसाठी पाहुणे पुण्यात येणार म्हटल्यावर विमानतळापासूनचे रस्ते बघता बघता नीट झाले. तेव्हा लोक चिडले, पाहुण्यांसाठी जमते मग आमच्यासाठी का नाही म्हणून. चीड योग्य होती, पण तिच्यातून मागणी निघाली नाही. त्या रस्त्यांना नेमका किती पैसा लागला, अंदाजपत्रकातल्या कुठल्या शीर्षाखालून आला, आणि पुढच्या वर्षी तेच शीर्ष रिकामे होते की भरलेले, हे विचारणारे फार थोडे निघाले.

हा सगळा ऊहापोह आता निव्वळ तात्त्विक राहिलेला नाही, कारण खड्ड्याची किंमत ठरली आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायची. चांगल्या रस्त्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे याच न्यायालयाने बऱ्याच आधी सांगितले होते. आता त्याला रक्कम चिकटली. पण वसुली करायची म्हटली की भरपाई ठरवणाऱ्या समितीपुढे पहिला प्रश्न येणार तो हाच: हा रस्ता कोणाचा, हमी चालू होती की संपली होती, शेवटचा खोदला कोणी? उतारा नसेल तर तिघेही पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवतील आणि सहा लाख निघतील ते पालिकेच्या महसुली कप्प्यातून, म्हणजे ज्या कप्प्यात देखभालीचे पैसे असायला हवे होते त्याच कप्प्यातून. येत्या फेब्रुवारीत आपल्या शहराचे अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा काँक्रीटीकरणाचा आकडा मथळ्यात येईलच. त्याच्या खाली देखभालीचे शीर्ष कुठे आहे, गेल्या वर्षी त्यातले किती खर्च झाले आणि किती दुसरीकडे वळवले, एवढे तीन आकडे आपल्या नगरसेवकाकडून लेखी मागून घ्या.